डोंगरावरचं गाव, गावातला गड

मुलुंडच्या पाच रस्त्यावर तुम्ही कितीदा तरी गेला असाल. कधी आईबरोबर भाजी आणायला, कधी वह्या-पुस्तकं घ्यायला. पण तिथून स्टेशनकडे जाणारे रस्ते इतके सरळ का, आणि आडवे-उभे रस्ते एकमेकांना काटकोनात का कापतात, असा प्रश्न कधी पडलाय का? त्याचं कारण असं, की मुलुंडचा हा भाग आधी कागदावर आखला गेला आणि मग बांधला गेला. १९२२ साली क्राऊन आणि कार्टर या वास्तुविशारदांनी ही आखणी केली. जमीन सपाट, कागद सपाट. पट्टी ठेवली की रेघ सरळ!

पण समजा, जमीनच सपाट नसेल तर? समजा, गाव वसवायचंय ते उंच डोंगराच्या माथ्यावर, आणि चहूबाजूंना कडे आहेत. मग पट्टीचा उपयोग नाही. तिथे डोंगरच सांगतो, रस्ता इथून जाईल, भिंत इथून वळेल, पाणी इथे सापडेल. माणसानं फक्त ऐकायचं.

जगात अशी गावं पुष्कळ आहेत. इटली देशात तर ती जागोजागी दिसतात. ओर्व्हिएतो हे त्यांतलंच एक नामांकित शहर. सरळसोट तुटलेल्या कड्याच्या माथ्यावर घरं, चर्च, चौक, गल्ल्या अशी ताटात वाढल्यासारखी मांडलेली आहेत. गल्ल्या इतक्या अरुंद, की शहर बघायचं तर पायीच बघायला हवं. लोक तिथे शेकडो वर्षांपूर्वी राहत होते आणि आजही राहतात.

तुम्ही म्हणाल, "काका, आमच्याकडे डोंगरावर किल्ले काय कमी आहेत?" अगदी बरोबर! पण आपल्या बहुतेक किल्ल्यांवर आज वस्ती नाही. जोती उरली, घरं गेली. एक गड मात्र असा आहे, की जिथे तटाच्या आत आजही शाळेची घंटा वाजते, दुपारी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात आणि दोरीवर कपडे वाळत असतात. तो गड म्हणजे कोल्हापूरजवळचा पन्हाळा. या आठवड्यात आपण तिथेच पायी हिंडणार आहोत.

आधी जायचं कसं?

मुलुंडहून लोकलनं कल्याण गाठायचं. तिथून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली, की सकाळी कोल्हापूर. पुढे साधारण वीस किलोमीटर एस.टी. गाडी डोंगराला वळसे घालत चढू लागली, की कानात दडे बसतात. पन्हाळा आजूबाजूच्या सपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे, आणि समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून अधिक. पावसाळ्यात गेलात तर ढग वरून नाही, समोरून येतात!

पण एक अट आहे बरं का. एस.टी.तून उतरल्यावर रिक्षा-गाडी करायची नाही. गाडीतून पाहिलेला गड म्हणजे न चावता गिळलेला लाडू. पोटात जातो, पण चव कळत नाही.

जो दरवाजा नाही, तिथून आत

गंमत बघा, पन्हाळ्याची पहिली पाहण्याची गोष्ट म्हणजे एक नसलेली गोष्ट. गाडीरस्ता जिथून गावात शिरतो, तिथे पूर्वी चार दरवाजा नावाचा मोठा दरवाजा होता. १८४४ साली कोल्हापूर राज्यातल्या गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं. गडकरी म्हणजे गडांवर पिढ्यान् पिढ्या राहणारे, गड राखणारे लोक. त्यांनी पन्हाळा आणि शेजारचा पावनगड ताब्यात घेतला. त्या वर्षीच्या डिसेंबरात इंग्रजांनी तोफा लावून तटाला खिंडार पाडलं आणि बंड मोडलं. नंतर तटबंदीचा बराच भाग पाडून टाकला, त्यात चार दरवाजाही गेला. आज तिथे अवशेषच तेवढे उरलेत. म्हणजे आपली एस.टी. ज्या वाटेनं आरामात आत येते, ती वाट दरवाजा पाडून मोकळी केलेली आहे! हे ठाऊक असलं, की तिथून चालताना पाऊल आपोआप हळू पडतं.

भिंत कुणी बांधली? अर्धी डोंगरानं!

आता तटाच्या कडेकडेनं चाला. गडाचा घेर सात किलोमीटरांच्या आसपास आहे. नीट पाहिलंत तर एक गोष्ट ध्यानात येईल. सगळीकडे भिंत सारखी उंच नाही. जिथे कडा सरळ तुटलेला आहे, तिथे बांधणाऱ्यांनी वर फक्त बंदुका झाडायला भोकं ठेवलेला कठडा बांधला. जिथे उतार आहे, शत्रू चढून येऊ शकेल, तिथे मात्र पाच ते नऊ मीटर उंचीचा भक्कम तट आणि मधे मधे गोल बुरूज. जिथे निसर्गानं काम केलंय तिथे आपण कशाला कष्ट घ्या, असा सरळ हिशेब.

बुरूज गोल का, चौकोनी का नाहीत? विचार करा. चौकोनाला कोपरे असतात. तोफेचा गोळा कोपऱ्यावर बसला, तर दगड निखळतो. गोल भिंतीवर तो बऱ्याचदा निसटता बसतो. शिवाय गोल बुरुजावरून तिन्ही बाजूंना नजर फिरवता येते.

हा गड एकट्या कुणाचा नाही, हेही लक्षात ठेवा. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज इथे राहून राज्य करत होता. त्याच्यानंतर देवगिरीचे यादव आले, मग बहमनी सुलतान, मग विजापूरची आदिलशाही. नोव्हेंबर १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. पुढे तो हातचा गेला, आणि १६७३ साली कोंडाजी फर्जंदानं मूठभर माणसांनिशी रात्री कडा चढून जाऊन तो पुन्हा मिळवला. पुढे महाराणी ताराबाईंनी इथे राजधानी केली आणि १७८२ पर्यंत ती इथेच होती. म्हणजे पन्हाळा ही अशी वही आहे, की जिच्या प्रत्येक पानावर निराळं अक्षर आहे. हे पान कुणाचं, ते अक्षर कुणाचं, हे ओळखण्यातच खरी मजा.

गडाचं पोट

चला, आता अंबरखान्यात. बालेकिल्ल्याच्या आत तीन भलीमोठी धान्याची कोठारं आहेत. त्यांची नावं गंगा, यमुना आणि सरस्वती. त्यांतली गंगा कोठी सर्वांत मोठी. तिचं क्षेत्रफळ १०,२०० चौरस फूट. मुंबईत ४०० चौरस फुटांचं घर म्हणजे बरं घर. अशी पंचवीस घरं मावतील एवढी ही एकच खोली! उंची ३५ फूट, म्हणजे तीन मजले. आणि यात धान्य किती मावायचं? २५,००० खंडी. खंडी म्हणजे काय, ते आजोबांना विचारा. "वीस मण म्हणजे एक खंडी" असं ते चटकन सांगतील.

पण एवढ्या उंच कोठीत धान्य भरायचं कसं? दारातून पोती आत नेऊन एकावर एक रचायची, तर माणूस दमून जाईल. कारागिरांनी काय युक्ती केली पाहा. कोठीचं छत सोळा खणांचं आहे आणि प्रत्येक खणाच्या घुमटीला वर एक भोक ठेवलेलं आहे. बाहेरून दोन्ही बाजूंनी छतावर जायला दगडी जिने आहेत. पोतं पाठीवर घेऊन जिना चढायचा, भोकापाशी पोतं उलटं करायचं, की धान्य आपोआप खाली. आणि हवं तेव्हा खालच्या दारातून काढून घ्यायचं. घरातली धान्याची कणगी आठवली ना? तीच कल्पना, फक्त राजाच्या मापाची.

आता सांगा, गडाला धान्याचं एवढं मोठं पोट कशाला? १६६० सालची गोष्ट तुम्ही शाळेत शिकला आहात. सिद्दी जौहरनं मार्चमध्ये पन्हाळ्याला वेढा घातला. आत खुद्द शिवाजी महाराज. खालून एक दाणा वर येत नव्हता. राजापूरच्या इंग्रजांनी तर सिद्दीच्या मदतीला तोफा आणल्या. तरी गड जुलैपर्यंत, चार महिने, टिकला. वेढ्यात गड लढतो तो तलवारीच्या आधी पोटावर. पुढे भर पावसातली ती रात्र, महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसलेला शिवा काशीद आणि १३ जुलैला खिंड लढवणारे बाजीप्रभू देशपांडे, हे सारं तुम्हांला ठाऊक आहेच. पण पुढच्या वेळी ती गोष्ट वाचाल, तेव्हा या कोठीतल्या धान्याचीही आठवण ठेवा.

खिडकीतून दरी

अंबरखान्यातून पूर्वेच्या तटाकडे गेलं, की सज्जा कोठी दिसते. ही दुमजली इमारत विजापुरी धाटणीची. विजापुरी धाटणी ओळखायची खूण सांगू? टोकदार कमानी आणि चौकोनी खोलीवर बसवलेला गोल घुमट. चौकोनावर गोल बसवायचा, तर चारी कोपरे उघडे पडतात. त्या कोपऱ्यांत कारागीर तिरप्या कमानी टाकून चौकोनाचा हळूहळू गोल करत नेतात. कोठीच्या वरच्या मजल्यावर जाऊन नुसती मान वर करून कोपरे न्याहाळा, कसं जमवलंय ते कळेल.

आणि मग सज्जात या. समोर सगळी दरी उघडते. संभाजीराजे काही काळ पन्हाळ्यावर राहिले होते, तेव्हा त्यांचा मुक्काम याच कोठीत होता असं मानतात. वारा असा सुटलेला असतो, की टोपी हातात धरावी लागते.

विहीर, पण गडाएवढी

आता पश्चिमेकडे. वाटेत सोमेश्वर तलाव लागेल, तिथे जरा बसा, डबा उघडा. (डब्याचे कागद परत पिशवीत, हे सांगायला हवं का?) मग चला अंधार बावीकडे. हिलाच शृंगार बावडी असंही म्हणतात.

बाहेरून पाहिलं तर ही विहीर आहे असं वाटतच नाही. वाटतं, एखादा जुना वाडा असेल. आत शिरलं की वळणावळणाच्या पायऱ्या खाली उतरतात. एक मजला, दोन मजले, तीन मजले, आणि अगदी तळाला पाणी. भिंतींत कोनाडे आहेत. त्यांत पहारेकरी उभे राहत. तटाबाहेर निसटून जायला चोरवाटही ठेवलेली आहे. म्हणजे वेळ आलीच तर सगळा गड पडला तरी ही विहीर लढू शकेल. गडाच्या आत आणखी एक गड!

एवढा खटाटोप पाण्यासाठी का? कारण वेढ्यात शत्रूला गड जिंकायला दोनच सोपे उपाय असतात. धान्य संपण्याची वाट पाहायची, नाहीतर पाण्यात विष कालवायचं. उघड्या तलावाशी फितुराला पोचता येतं. पण तीन मजले खाली, पहाऱ्यातल्या पाण्यापर्यंत पोचणं सोपं नाही.

आणि आता गंमत ऐका. विजापूरला आदिलशाही होती त्याच काळात, हजारो किलोमीटर दूर, आपल्या त्या ओर्व्हिएतो शहरात लोकांना हीच काळजी पडली होती. १५२७ साली रोम शहर शत्रुसैन्यानं लुटलं. तिथले पोप सातवे क्लेमेंट आश्रयाला ओर्व्हिएतोला आले. त्यांना भीती, की वेढा पडला तर पाण्याचं काय? त्यांनी वास्तुविशारद आंतोनिओ दा सांगाल्लो याला विहीर खणायला सांगितलं. ती १५३७ साली पुरी झाली. खोली सुमारे ५३ मीटर, म्हणजे सतरा मजली इमारत उलटी जमिनीत गाडली तर होईल तेवढी! उजेडासाठी ७० खिडक्या. आणि जिने दोन, एकमेकांभोवती वेलीसारखे गुंडाळलेले. एका जिन्यानं खेचरं रिकामी खाली उतरत, दुसऱ्यानं पाणी घेऊन वर येत. उतरणारी नि चढणारी खेचरं एकमेकांसमोर कधी येतच नसत. वाहतूक एकदिशा मार्ग!

या दोन कारागिरांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. भाषा निराळी, धर्म निराळा, देश निराळा. पण दोघांपुढे डोंगर सारखा, भीती सारखी आणि तहान सारखी. म्हणून दोघांच्याही डोक्यात जिन्याची, पोटात पाणी दडवलेली विहीर आली.

तीन दरवाजा

अंधार बावीपासून दोन पावलांवर तीन दरवाजा. गडावरचं सर्वांत देखणं काम हेच. पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतला (१५३४ ते १५५८) फारसी शिलालेख इथे आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना शरभ, म्हणजे सिंहासारखा दिसणारा काल्पनिक प्राणी कोरलेला. आणि आतल्या दारावरच्या नक्षीत गणपती! तो नंतर मराठ्यांनी बसवला. एकाच दारावर फारसी अक्षरं आणि गणपती शेजारी शेजारी शांतपणे बसलेत. वहीची पानं म्हणालो होतो ना? इथे तर दोन अक्षरं एकाच पानावर आलीत.

दरवाजे एकामागून एक का? बाहेरचं दार फोडून शत्रू आत घुसला, की तो येतो एका चौकात. पुढचं दार बंद. वर आणि बाजूला गडाचे शिपाई. पळायला जागा नाही आणि हत्तीला धडक द्यायला धाव घ्यायलाही जागा नाही. पण शांततेच्या काळात हाच चौक किती छान! दोन्ही बाजूंना कमानींच्या ओवऱ्या, उन्हातून आलेल्या माणसाला गार सावली.

आणि गाव?

इतकं हिंडल्यावर आता दगडांकडून माणसांकडे वळू या. २०११ च्या जनगणनेत पन्हाळ्याची लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास होती. एवढ्याशा गावाला स्वतःची नगरपरिषद आहे. ताराबाईंच्या वाड्यात अनेक वर्षं शाळा भरत आली आहे. विचार करा, महाराणीच्या वाड्यात पाढे म्हणायचे! कवी मोरोपंतांचा जन्मही इथलाच, १७२९ सालचा.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाखाली बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. पन्हाळा त्यांत आहे. आपल्या सर्वांना अभिमान वाटला. पण पन्हाळ्यातल्या लोकांच्या मनात अभिमानाबरोबर काळजीही होती आणि ती त्यांनी बोलूनही दाखवली. आपली घरं राहतील ना? दुरुस्ती करू देतील ना?

ही काळजी समजून घ्यायला हवी. आपल्याकडे प्राचीन स्मारकं राखण्यासाठी १९५८ चा कायदा आहे. २०१० साली त्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. कायदा चांगल्यासाठीच आहे. तो नसता, तर तीन दरवाजाला चिकटून एखादं उंच हॉटेल उभं राहिलं असतं. पण जिथे स्मारकं गावभर विखुरलेली आहेत, तिथे कुणाच्याही घरापासून १०० मीटर मोजले, की टेप कुठल्या तरी स्मारकाला लागायचीच! मुलाचं लग्न झालं, एक खोली वाढवायचीय, तर करायचं काय?

दुसरी बाजूही बघा. डोंगर काही वाटेल तेवढं ओझं सोसत नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पन्हाळ्याचा मुख्य रस्ताच खचला आणि गाड्यांची ये-जा बंद झाली. सुट्टीच्या दिवशी वर येणाऱ्या गाड्यांच्या रांगा पाहिल्या, की वाटतं, या चिंचोळ्या माथ्यावर आणखी किती मावणार?

मग कोण बरोबर? मला वाटतं, दगड राखायचे म्हणून माणसं हलवली, तर पन्हाळाही इतर गडांसारखा मुका होईल. आणि माणसांसाठी म्हणून दगड मोडले, तर इतकी शतकं लिहिलेली वही फाटेल. वाट मधून काढायला हवी. गावकरी, अधिकारी आणि जाणकार यांनी एकत्र बसून, घर कुठे वाढवता येईल, कसल्या दगडाचं, किती उंच, हे ठरवायला हवं. आणि आपण पाहुण्यांनी? आपण गाडी खाली ठेवून चालायला हवं. एवढं तर आपल्या हातात आहे ना?

आई-बाबांना एक विनंती. मुलांना गडावर न्याल तेव्हा "लवकर चला, अजून पाच ठिकाणं राहिलीत" असं म्हणू नका. एखाद्या कमानीखाली त्यांना अर्धा तास बसू द्या. दोन ठिकाणं कमी झाली तरी बिघडत नाही.

घरी करून पाहा

कमान चुना न लावताही उभी राहते का? एक मोठा बटाटा घ्या. त्याचे सात तुकडे असे कापा, की प्रत्येक तुकडा वर रुंद आणि खाली थोडा अरुंद होईल. (सुरी मोठ्या माणसांच्या हाती!) एक वाटी पालथी ठेवून तिच्यावरून तुकडे एकमेकांना चिकटवून अर्धगोलात मांडा. मधला तुकडा सर्वांत शेवटी घाला. दोन्ही टोकांना एकेक जाड पुस्तक टेकवा आणि वाटी हळूच बाजूनं सरकवून काढा. कमान उभी राहील. आता मधल्या तुकड्यावर बोटानं जरा दाबा. पडते की आणखी घट्ट होते? मग एका टोकाचं पुस्तक काढून घ्या. काय होतं? का होतं?

उत्तर वहीत चित्र काढून लिहून ठेवा. आणि तीन दरवाजाच्या चौकात जाल, तेव्हा वर पाहून ते पडताळा.